हडळीची घरगुती अडचण

"तुझं पुढचं भूत कोणतं?" वैजूनं विचारलं.

आम्ही खिचडीच्या रांगेत ताटल्या वाजवत उभ्या होतो. म्हणजे मी वाजवत होते.

"खवीस," मी म्हटलं. "मुंडकं नसलेला. त्याचं मुंडकं हे खरं तर एक वेगळं यान असतं, ते वर पृथ्वीभोवती फिरत राहतं आणि धड बिचारं इकडं खाली एकटंच..."

"हडळ घे."

मी ताटली वाजवायची थांबले. वैजू, म्हणजे वैजयंता लोहार, आमच्या आठवी 'ब'मधली सगळ्यात गप्प मुलगी. हजेरीला ती 'हजर' म्हणायची, तेसुद्धा बाईंना मान वर करून दोनदा विचारावं लागायचं. ती स्वतःहून बोलली हेच मोठं नवल, आणि बोलली ते काय, तर हडळ घे!

"हडळ घे," ती पुन्हा म्हणाली. "पण नीट घे."

आता मी अकरावीत आहे, आणि ज्यांना विचारायला हवं त्यांना विचारूनच ही गोष्ट सांगते आहे. त्या वर्षी मी कादंबरीकार झाले होते. कुणी केलं नव्हतं, माझी मीच झाले होते. सातवीपर्यंत मला फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं तरी रडू यायचं. मग एका मोकळ्या तासाला, बाई आल्या नाहीत आणि वर्गाचा नुसता बाजार झाला, तेव्हा मी मुंजाची गोष्ट सांगायला उभी राहिले आणि अर्ध्या मिनिटात अख्खा वर्ग गप्प! त्या दिवसापासून मला कुणी खाली बसवू शकलेलं नाही.

आमच्या पपांचा बोरवडीच्या चौकात छापखाना आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, दशक्रियेची कार्डं. चुकीच्या छापलेल्या पत्रिका रद्दीत जायच्या, त्या मी पळवायचे. एका बाजूला 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' आणि मागच्या कोऱ्या बाजूला माझं प्रकरण पहिलं. माझ्या कादंबऱ्यांचा एकच नियम होता. प्रत्येक भुताला एक शास्त्रीय कारण हवं आणि एक घरगुती अडचण हवी. भूत उगीचच कुणाला छळत नाही. मुंजा पिंपळावर का बसतो? तर तो दुसऱ्या ताऱ्यावरून आलेला मुलगा असतो आणि पिंपळाची पानं हलती म्हणून त्यांच्यातून घरी संदेश पाठवता येतो. अडचण अशी, की घरचे केव्हाच दुसरीकडे राहायला गेलेत आणि याला पत्ता माहीत नाही. चकवा माणसांना माळावर गोल गोल फिरवतो, कारण तो आकाशाला पडलेली एक घडी असतो. त्याच्या पोटातून माणसं नुसती निघून जातात, बसून बोलत कुणीच नाही. चकव्याच्या शेवटाला तर 'अ' तुकडीच्या मुली खिडकीबाहेर उभ्या राहून रडल्या होत्या. मी स्वतः मोजलं, चौघी.

माझी समीक्षक होती फैमिदा मुल्ला. ती रडत नसे. ती चुका काढी.

"पिंपळाची पानं पावसाळ्यात भिजतात, तेव्हा संदेश कसा जातो?"

"तेव्हा तो सुट्टीवर असतो."

"लिहिलंयस का तसं?"

लिहिलेलं नसायचं. मग लिहावं लागायचं.

तर हडळ. मी घेणारच नव्हते, आणि ते वैजूमुळेच. वैजूची आई वैजू झाली त्याच दिवशी गेली होती. अशी बाई मागे काय होते, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. पाचवीत एका मुलीनं सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "हिचे पाय बघा गं, सरळ आहेत का." तेव्हापासून वैजू चालताना स्वतःच्या पायांकडे बघत चालायची. त्या मुलीचं नाव सांगत नाही, ती आता बरी आहे.

"नीट म्हणजे कशी घेऊ?" मी विचारलं.

"ती घरी यायला निघालेली असते ना," वैजू म्हणाली. "तर ती पोचते का, ते मला पायजे."

पुढची मुलगी सरकली, आमच्या ताटल्यांत खिचडी पडली आणि वैजूचे शब्द संपले. पण मला कादंबरीची ऑर्डर मिळाली होती! आमच्या पपांना पत्रिकेची मिळते तशी.

हडळीचं शास्त्रीय कारण मला रात्री जेवतानाच सुचलं. तिचे पाय उलटे नसतातच मुळी. ती ज्या यानातून येते, तिथं काळ उलटा वाहतो. ती सरळ आपल्या घराकडे चालत असते, पण आपल्याला तिची पावलं उलटी उमटलेली दिसतात, आणि आपण समजतो ही लांब चालली. घरगुती अडचणही तयार होती. घरी तान्हं बाळ. पण बारकावे हवे होते, नाहीतर फैमिदानं मला फाडून खाल्लं असतं. भुतांचे बारकावे सगळ्यात जास्त कुणाला माहीत, तर वैजूच्या आजीला. गावातल्या बायका मुलाला नजर लागली की तिच्याकडेच जायच्या. तिला सगळे आक्का म्हणायचे.

रविवारी मी आणि फैमिदा वैजूकडे गेलो. पुढं तिच्या वडिलांचं, रंगाप्पांचं, गेट-ग्रिलचं दुकान आणि मागं घर. दुकानातूनच आत जायचं. रंगाप्पा ग्राइंडरनं एक पट्टी घासत होते, ठिणग्यांचा नुसता फवारा. आम्हाला बघून त्यांनी ठिणग्या दुसरीकडे वळवल्या, एवढंच. तेही वैजूसारखेच, बोलण्याच्या बाबतीत.

घराच्या उंबऱ्याशी भरलेला तांब्या होता. मी नेमकी त्यालाच धडकले. पाणी वाहत पायरीपर्यंत गेलं.

"काय गं छापखान्याची," आतून आक्का कडाडली, "डोळं घरी ठिवून आलीस व्हय?"

"कशाला ठेवलाय पण दारातच?"

"पाय धुवायला. भर जा पुन्यांदा."

मी भरून आणला. आणि पाय धुवायला वाकले, तर म्हणते कशी, "तू न्हाई. तुला मोरी हाय की."

हे मला तेव्हा जरा विचित्र वाटलं. पण आक्काच विचित्र होती, त्यामुळे मी विसरून गेले.

आक्का शेंगा फोडत बसली होती. मी सरळच विचारलं, "आक्का, हडळीला घरात यायला कोण अडवतं?" वैजू कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. आक्कानं एकदा तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुला कशाला गं उचापती?"

"कादंबरीला."

"छापनार हायस?"

"हो," मी म्हटलं. काय फरक पडतो?

मग ती खुलली. शेंगा फोडता फोडता अशी सांगत होती, जसं लोणच्याचं प्रमाण सांगावं. "मसणातनं परत येताना वाटंनं मोहरी टाकत यायची. ती काय करती, निघाली की एकेक दाना येचत येती. न्हाई येचला तर पाऊल उचलत न्हाई तिचं. सगळी मोहरी येचून व्हायच्या आत कोंबडं आरवतं. मग जायाचं माघारी. दुसऱ्या दिशी पुन्यांदा पहिल्यापास्नं."

"रोज?"

"रोज."

"आणि समजा एखादी फारच भराभर वेचणारी असली तर?" फैमिदानं विचारलं.

"तर उंबरा हाय. उंबऱ्यात खिळं मारायचं. लोखंडाचं. लोखंड ओलांडून येत न्हाई ती."

माझं तोंड माझ्या ताब्यात कधी नव्हतंच. शाळेत म्हणायचेच, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. "मग तुमच्या उंबऱ्यात आहेत का?"

बाहेरचा ग्राइंडर थांबला.

आक्कानं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला टाकलं. "हायत," ती म्हणाली. "लोहाराच्या घरात लोखंडाला काय तोटा? मीच सांगितलं, हिच्या बानं मारलं. घरात तान्हं पोर व्हतं. मी काय करनार दुसरं?"

ग्राइंडर पुन्हा सुरू झाला. वैजू उठली आणि पाणी प्यायला म्हणून आत गेली ती आम्ही निघेपर्यंत आलीच नाही.

मी त्या आठवड्यात पाच प्रकरणं लिहिली. एका परग्रहावर माणसांचा तळ असतो. तळाची प्रमुख एक कडक सेनानीबाई. तिनं वाटेवर दाण्यांएवढे सुरुंग पेरलेले असतात आणि दाराला लोखंडाचं असं क्षेत्र लावलेलं असतं, की उलट्या काळातलं कुणी ते भेदूच शकणार नाही. आणि ती येत असते. एकेक सुरुंग वेचत, रोज पहिल्यापासून. मोकळ्या तासाला वर्ग श्वास रोखून ऐकायचा. पाचव्या प्रकरणाच्या शेवटी ती दाराशी पोचते, हात पुढे करते, आणि मी पत्रिका मिटली.

"पुढे काय?" सगळ्या ओरडल्या.

पुढे काय ते मी ठरवलेलं होतं. लोखंडाच्या क्षेत्रात तिची ठिणगी ठिणगी होऊन जाते आणि आतलं बाळ पहिल्यांदा हसतं, कारण त्याला वाटतं, दिवाळी आहे. मला स्वतःलाच काटा आला होता लिहिताना.

शाळा सुटल्यावर वैजूनं मला सायकल स्टँडजवळ गाठलं. फैमिदा बरोबर होतीच.

"मला ते काढायचेत," वैजू म्हणाली.

"काय?"

"खिळे."

मी तिला समजावलं. म्हणजे विज्ञानाचे सर समजावतात तसंच, त्यांच्याच आवाजात. भूत नसतं, हडळ नसते, हा सगळा मनाचा खेळ असतो. वैजू मान खाली घालून ऐकत होती.

"आणि हडळ खोटी आहे म्हटल्यावर खिळे काढून तरी काय मिळणार?" फैमिदानं चूक काढली.

"हडळ खोटी असंल," वैजू म्हणाली. "खिळे खरेच आहेत ना. ते आईसाठी मारलेत."

फैमिदाला यात काही चूक सापडली नाही. मलाही नाही.

शनिवारी सकाळची शाळा असते. आक्का शनिवारी मारुतीला जायची आणि येताना बाजार करून यायची. रंगाप्पा कुणाच्या तरी बंगल्याला गेट बसवायला गेले होते. वैजूनं दुकानातून पक्कड आणि छिन्नी आणली. मी प्रयोगशाळेतून लोहचुंबक आणलं होतं, चांगलं नालाच्या आकाराचं, लाल-निळं. सरांना म्हटलं होतं, प्रयोग आहे. तो होताच.

चुंबक कशाला, तर उंबऱ्यावर खिळे दिसतच नव्हते. उंबरा जुन्या सागाचा, जाडजूड, त्यावर आक्का दर दिवाळीला तांबडा ऑइलपेंट लावायची. तेरा दिवाळ्यांचे थर. वर हळदीकुंकवाची बोटं. मी या वेळी तांब्या आधी उचलून बाजूला ठेवला आणि चुंबक उंबऱ्यावरून फिरवायला लागले, अगदी हळू, डॉक्टर छातीवरून नळी फिरवतात तसं.

काहीच नाही.

"नीट फिरव," फैमिदा म्हणाली.

"नीटच फिरवतेय."

"चुंबक बाद असेल. शाळेतलंय." तिनं माझ्या हातातून घेतलं आणि दाराच्या बिजागरीला लावलं. टक्क! असं चिकटलं, की ओढून काढावं लागलं. कडीला लावलं, टक्क. उंबऱ्याला लावलं, पुन्हा गप्प.

"मग नाहीतच खिळे," मी म्हटलं. मला एकदम हायसं वाटलं आणि थोडं वाईटही.

वैजू खाली बसली आणि उंबऱ्यावरून बोटं फिरवायला लागली. आंधळी माणसं वाचतात ना, तशी. मध्यावर तिची बोटं थांबली. मग जरा उजवीकडं. मग आणखी उजवीकडं. "हायत," ती म्हणाली. "एका ओळीत हायत."

आम्हीही हात लावून बघितला. रंगाखाली बारीक बारीक उंचवटे होते, हरभऱ्याच्या डाळीएवढे. त्यांवर चुंबक ठेवलं तरी ते आपलं घसरून जात होतं.

मी दप्तरातून कंपास काढली आणि कर्कटकाच्या टोकानं एक उंचवटा खरवडायला लागले. तांबड्या रंगाच्या खाली तांबडाच रंग, त्याच्याखाली आणखी तांबडा. मग काळसर काहीतरी. आणि मग एकदम पिवळं चमकलं.

"सोनं!" मी ओरडले.

"गप गं," फैमिदा म्हणाली. "पितळ आहे."

वैजूनं वाकून बघितलं. मग ती उठून दुकानात गेली आणि गॅसच्या टाकीमागून एक लांब पिवळी काडी घेऊन आली. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, वस्तू मोडली की तिचे वडील गॅसवर या पितळेच्या काडीनं सांधायचे. तिनं ती काडी खिळ्याशेजारी धरली. जाडी एक, रंग एक.

"पितळ कोण मारतं उंबऱ्यात?" फैमिदा म्हणाली. "लोखंड सांगितलं होतं ना आक्कानं?"

"कोन हाय तिकडं?" दुकानाच्या दारातून रंगाप्पांचा आवाज आला.

आम्ही तिघी उंबऱ्यावर, हातात छिन्नी, पक्कड, चुंबक आणि कर्कटक. चोरी करताना सापडलो असतो तरी इतक्या वाईट दिसलो नसतो. रंगाप्पांनी हातातली पिशवी खाली ठेवली. खरवडलेली जागा बघितली, मग वैजूच्या हातातली काडी बघितली. मला वाटलं, आता मार बसतो.

ते आमच्यासमोर पायरीवर बसले.

"बाबा," वैजू म्हणाली, "हे लोखंड नाही."

"न्हाई."

"आक्कानं लोखंड सांगितलंवतं."

"व्हय." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तिचं बी चुकलं असं मी म्हननार न्हाई. ती भ्याली व्हती. घरात तू, दोन दिसांची. तिला वाटलं, आई पोराला न्यायला येती. सगळी असंच म्हनत्यात." तेवढं बोलायचीसुद्धा त्यांना सवय नव्हती. "मला वाटलं, न्यायला न्हाई, पाजायला येत असली तर? तर मी लोखंड कसं मारू?"

फैमिदा छिन्नीकडं बघत होती.

"मग या काडीचं खिळं केलं. तेलात तापवून काळं केलं. आक्कासमोरच ठोकलं. तिला काय, लोखंडच वाटलं."

"मोहरी?" मी विचारलं. मला राहवेना.

"मोहरीचं काय गं, पाखरं हायत की. चार दिसांत वाट साफ."

वैजूनं विचारलं, "मग ती आली?"

रंगाप्पांनी खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी तर सांगितलंच असतं. पण ते म्हणाले, "मला न्हाई दिसली, बाय. पन दार आपलं बंद नव्हतं. तेवढं खरं."

वैजूनं मान हलवली. हिशेब बरोबर आला की हलवतात तशी. मग ती काडी जागेवर ठेवायला गेली आणि येताना रंगाचा डबा घेऊन आली. रंगाप्पा म्हणाले, "आक्का यायच्या आत लावा. तिला कळू देऊ नका. तेरा वर्सं निवांत झोपलीया ती या खिळ्यांच्या भरवशावर."

"ही सांगणार," फैमिदानं माझ्याकडं बोट दाखवलं. "हिच्या तोंडात तीळ भिजत नाही."

रंगाप्पांनी मला जरा न्याहाळलं. "भिजंल," ते म्हणाले. "भिजवायचा म्हटला की भिजतोय."

आता माझी परिस्थिती बघा. जगातल्या कुठल्याही कादंबरीकाराला मिळाला नसेल असा शेवट माझ्या हातात होता. सेनानीबाईनं लोखंड सांगितलेलं असतं आणि दारवानानं गुपचूप पितळ लावलेलं असतं! वर्ग बेशुद्ध पडला असता. 'अ' तुकडीसुद्धा. आणि मला तो वापरता येत नव्हता. आमच्या वर्गात आक्काच्या गल्लीतल्याच तीन मुली होत्या. दुपारी वाचलेलं प्रकरण संध्याकाळी तिच्या चुलीपर्यंत पोचलं असतं. आणि ठिणग्या उडवणारा माझा जुना शेवट, तो तर मी वैजूसमोर आता मेले तरी वाचणार नव्हते.

आठवडाभर मी वर्गाला थापा मारल्या. शाई संपली, पत्रिका संपल्या, लग्नसराई नाही.

मग एका सकाळी शाळेला निघाले असताना आक्कानं मला दुकानासमोर अडवलं. ती एकटीच बाकड्यावर बसली होती.

"काय गं छापखान्याची. तुझ्या स्कर्टाला माझ्या उंबऱ्याचा रंग कसा लागला?"

मी खाली बघितलं. निळ्या स्कर्टवर तांबडा पट्टा, चांगला बोटभर रुंद. आईनं दोनदा घासूनही गेला नव्हता.

"मी... पडले होते, आक्का."

"बस."

मी बसले. ती दुकानाच्या आत बघून घेऊन हळू आवाजात बोलली. आक्का हळू बोलू शकते हे मला ठाऊकच नव्हतं.

"सासरा लोहार, दाल्ला लोहार, ल्योक लोहार. आन मला लोखंड कळत न्हाई व्हय? लोखंड लाकडात बसलं की गंज सोडतं. भोवतीचं लाकूड काळं पडतं, वरचा रंग फुगतो. दुसऱ्या दिवाळीला रंगवायला बसले तवाच बघितलं, उंबऱ्याला एक डाग न्हाई. नखानं खरवडलं. म्हटलं, असं व्हय."

"मग... तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलू? ल्योकाचा जीव हाय बायकूत. म्हटलं, ऱ्हाऊ दे."

"पण भीती नाही वाटली?"

"वाटली की. दोन राती डोळ्याला डोळा न्हाई. तिसऱ्या राती म्हटलं, आता दार उघडंच हाय तर उगं भिऊन काय करू? तांब्या ठिवला."

"म्हणजे तो तांब्या..."

"मग? मसणातनं येनार, तशीच पोरीला हात लावू दिऊ व्हय? पाय धुवून येऊ दे की घरात." आक्कानं पदर सारखा केला. "पाय उलटे असले म्हनून काय झालं? धुवायला तर लागत्यातच."

मी हसले, आणि हसता हसताच मला कळलं की मला दिसायचं बंद झालंय. डोळे भरले होते.

"रंगाप्पाला सांगू नको," ती उठता उठता म्हणाली. "त्याला वाटतंय, म्हातारीला फसवलं. वाटू दे. पोरगं एवढ्या एकाच गोष्टीत माझ्यापेक्षा हुशार निघालंय."

त्या रात्री मी सहावं प्रकरण लिहिलं. छोटंच झालं.

दुसऱ्या दिवशी तिसरा तास मोकळा मिळाला. मी टेबलापाशी उभी राहिले. वैजू दुसऱ्या बाकावर, खाली बघत. मी वाचलं. ती दाराशी पोचते. हात पुढे करते. क्षेत्र काहीच करत नाही. दार नुसतं ढकलल्यावर उघडतं.

वर्गात गोंधळ.

"अगं, क्षेत्र होतं ना!"

"पाचव्या प्रकरणात तूच म्हणालीस, कुणी भेदूच शकत नाही!"

"काहीतरीच काय!"

"फैमिदा, सांग गं हिला!"

सगळ्या माना फैमिदाकडं वळल्या. तिनं आयुष्यात पहिल्यांदाच माझी एक ढळढळीत चूक समोर असून वहीतली समासाची रेघ ओढायला घेतली. "असतं एखादं क्षेत्र कमजोर," ती म्हणाली. "पुढे वाच."

मी पुढे वाचलं. दारापलीकडं सेनानीबाई उभी असते. कडक, हातात बंदूक असायला हवी अशी. पण तिच्या हातात भरलेला तांब्या असतो. हडळ घाबरून थांबते. आणि सेनानीबाई म्हणते, "पाय उलटे असले म्हणून काय झालं? धुवायला तर लागतातच."

वर्ग खदाखदा हसला. मागच्या बाकावरच्या दोघी टाळ्या पिटायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, ही भारी म्हातारी आहे.

वैजू हसली नाही. तिनं मान वर केली होती. ती उठून टेबलापाशी आली, माझ्या हातातली पत्रिका घेतली आणि शेवटची ओळ स्वतः वाचली. ओठ हलवत, पुन्हा एकदा.

"हे वाक्य तुझं नाही," ती हळूच म्हणाली.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. तीळ होता, आणि तो मी भिजवत होते. मी फक्त मान हलवली. नाही.

वैजूनं पत्रिका मला परत दिली आणि जागेवर जाऊन बसली. पायांकडं न बघता गेली.

सोमवारी खिचडीच्या रांगेत ती माझ्या मागंच होती. मी ताटली वाजवत होते. थोड्या वेळानं मागून दुसऱ्या ताटलीचा आवाज यायला लागला, आधी चाचरत, मग तालात.

"आक्काचे गुडघे दुखतात," वैजू म्हणाली. "तांब्या आता मी भरते."